वीस रुपयांचा हिशेब

एखाद्या घराची मिळकत किती, हें घरच्या कर्त्या पुरुषास चोपडी उघडून सांगतां येतें. परंतु कोट्यवधि माणसांच्या देशाची मिळकत कोणत्या चोपडींत पाहावयाची? हिंदुस्थानांत हा प्रश्न नेटानें विचारला तो दादाभाई नौरोजी यांनीं. 1876 सालीं मुंबईस ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढें वाचलेल्या निबंधांत त्यांनीं त्याचें उत्तर मांडलें. लागवडीखालील जमीन, एकरी पीक आणि बाजारभाव हे आंकडे त्यांनीं सरकारी कागदपत्रांतूनच घेतले. त्यांत मीठ, खाणी व कारागिरी यांची भर घातली. ब्रिटिश हिंदुस्थानांतील 17 कोटि लोकांचें वार्षिक उत्पन्न त्यांच्या मतें 340 कोटि रुपये भरलें. म्हणजे दरडोई अवघे 20 रुपये.

एवढ्यावर दादाभाई थांबले नाहींत. तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्रास काय खर्च येतो, हेंही त्यांनीं सरकारी दप्तरांतूनच काढलें. तो खर्च या 20 रुपयांहून अधिक होता! अपराध्यास सरकार जें पुरवितें, तेंही निरपराध रयतेच्या वांट्यास येत नाहीं, असा त्याचा अर्थ. शिवाय ही केवळ सरासरी. संपन्न वर्गाचा मोठा हिस्सा वजा केल्यास गरिबाच्या हातीं याहूनही कमी उरणार.

सरकारास उत्तर देणें भाग पडलें. 1882 सालीं बेअरिंग व बार्बर यांनीं दरडोई 27 रुपयांचा अंदाज केला. 1901 सालीं लॉर्ड कर्झन यांनीं 30 रुपये सांगितले. त्याच वर्षीं विल्यम डिग्बी यांनीं ग्रंथ लिहून रयत अधिकच दरिद्री होत आहे, असें प्रतिपादिलें. एकाच देशाच्या मिळकतीचे असे परस्परविरोधी हिशेब निघत, कारण पिकांचे आंकडे अपुरे होते आणि प्रत्येक आंकड्यामागें राज्यकारभाराचा निवाडा दडलेला होता.

या वादास शास्त्राची बैठक दिली ती डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनीं. 1931-32 सालासाठीं त्यांनीं दरडोई 62 रुपये हा आंकडा काढला. पण 20 चे 62 झाले म्हणून सुख तिप्पट झालें, असें समजणें चुकीचें. रुपयाची खरेदीशक्ति बदलत असते; भाव चढले कीं मिळकत फुगलेली दिसते, मंदींत ते कोसळले कीं तीच आक्रसते. म्हणून दोन काळांची तुलना करतांना भावांतील फरक आधीं वजा करावा लागतो.

स्वातंत्र्यानंतर 1949 सालीं प्रा. महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय उत्पन्न समिति नेमली गेली. तींत राव यांच्यासमवेत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. धनंजयराव गाडगीळ होते. 1951 च्या पहिल्या अहवालानें 1948-49 चें उत्पन्न 8,710 कोटि, दरडोई 255 रुपये ठरविलें. पुढील तीन दशकें वाढीचा वेग वर्षास सुमारें साडेतीन टक्के राहिला. लोकसंख्याही दोन टक्क्यांहून अधिक वाढत असल्यानें माणशीं पदरांत फार थोडें पडलें. 1980 नंतर हा वेग वाढला.

आतां हिशेबाचीं साधनें सुधारलीं आहेत; तथापि दादाभाईंची कसोटी जुनी झालेली नाहीं. राष्ट्राचें उत्पन्न किती, एवढें विचारून भागत नाहीं. त्यांतून सर्वांत गरीब माणसाच्या ताटांत काय पडतें, हें विचारल्यावांचून तो हिशेब पुरा होत नाहीं.