दत्तक बालकाच्या प्रवासाचा जमाखर्च

परदेशातील एखादे दांपत्य भारतातील निराधार बालकाला आपल्या घरी नेण्याची सिद्धता करू लागते, तेव्हा त्याच्यापुढे प्रथम दोन प्रश्न उभे राहतात : पैसा किती लागेल आणि प्रवास कसा होईल? वरवर पाहता हे प्रश्न केवळ व्यवहाराचे आहेत. परंतु त्यांची उत्तरे शोधतानाच आपल्या देशाला मूल आणि मोल यांच्यामधील सीमारेषा आखावी लागली. हा इतिहास आमच्या वाचकांनी जाणून घ्यावा असा आहे. कारण त्यात आपला ख्रिस्ती समाजही गुंतलेला आहे.

१९५६ चा दत्तकविधान कायदा फक्त हिंदूंसाठी (आणि बौद्ध, जैन व शीख यांच्यासाठी) होता. परदेशी दांपत्यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचाच आधार घ्यावा लागे. न्यायालय त्यांना बालकाचे पालक नेमी, त्याला देशाबाहेर नेण्याची अनुज्ञा देई आणि खरे दत्तकविधान त्यांच्या देशात होई. यासाठी दांपत्याने भारतात आलेच पाहिजे असे नव्हते. येथील संस्थेचा अधिकारी मुखत्यारपत्राच्या बळावर अर्ज करी आणि अनेकदा कोणी तरी सोबती ते तान्हे बाळ विमानाने पोहोचवी. या व्यवस्थेत सद्भावनेला वाव होता, तसाच दलालीलाही.

१९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. दत्तकाच्या नावाखाली कोवळ्या मुलांना दूरदेशीच्या जीवघेण्या प्रवासाला धाडले जाते, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी ऐतिहासिक निर्णय दिला.

त्या निर्णयाने तयारीचे स्वरूपच पालटले. परदेशी दांपत्याचा अर्ज त्याच्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यावा, असे ठरले. त्यासोबत गृहभेटीचा अहवाल, विवाहाचा दाखला, प्रकृतीविषयी डॉक्टरांचे प्रमाणपत्र, नोकरीचा व प्राप्तिकराचा पुरावा, बँकेचा दाखला आणि दोन वर्षांच्या आत बालकाला दत्तक घेण्याची हमी आवश्यक झाली. पैशाच्या बाबतीत न्यायालय अधिकच काटेकोर होते. कोर्टकचेरी, अहवाल, वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट व व्हिसा यांसाठी संस्थेने ठरवून दिलेल्या मर्यादेहून अधिक रक्कम घेऊ नये. बालकाची निवड झाल्यापासून ते प्रयाण करीपर्यंत त्याच्या पालनपोषणासाठी दिवसाला साठ रुपयांची मर्यादा असावी. स्वेच्छेने देणगी द्यायची असल्यास ती बालक नव्या देशात पोहोचल्यानंतरच स्वीकारावी. या एका अटीमागे केवढी दूरदृष्टी आहे! आधी घेतलेल्या देणगीला किंमतीचा वास येतो; नंतर दिलेली देणगी कृतज्ञता ठरू शकते.

न्यायालयाने आणखी एक तरतूद केली. काही कारणाने बालकाला भारतात परत आणावे लागल्यास त्यासाठी अनामत रकमेची, बंधपत्राची वा अन्य सोय आधीच झालेली असावी. जाण्याच्या सिद्धतेतच परतीच्या वाटेचा विचार केला गेला.

२९ मे १९९३ च्या हेग कराराने हीच तत्त्वे जगापुढे ठेवली. योग्य तो खर्च आणि वाजवी शुल्क यापलीकडे कोणालाही आर्थिक लाभ होता कामा नये. बालकाचा प्रवास सुरक्षित असावा आणि शक्य असेल तर तो दत्तक मातापित्यांच्या सोबतीने व्हावा, असे त्यात म्हटले आहे. भारताने २००३ मध्ये या करारास मान्यता दिली. २०१७ च्या भारतीय नियमावलीत परदेशी दांपत्यासाठी संस्थेचे शुल्क पाच हजार डॉलर ठरविण्यात आले. आकडा वाढला, तरी तो जाहीर असावा हे तत्त्व कायम राहिले.

आता आपल्या समाजाकडे वळू. १८९० च्या ज्या कायद्यापुढे परदेशी दांपत्य उभे राही, त्याच कायद्यापुढे वसईचे वा मुंबईचे ख्रिस्ती दांपत्यही उभे राही. फरक एवढाच, की परदेशी पालक मायदेशी जाऊन बालकाचे रीतसर मातापिता होत. आपल्या दांपत्याला मात्र जाण्यासारखा दुसरा देश नव्हता. मूल सज्ञान झाले की त्यांचे पालकत्व संपे आणि पोटच्या मुलाचा वारसाहक्क त्याला आपोआप मिळत नसे. विमानाने गेलेले बाळ पुत्र झाले. घरात वाढलेले बाळ कायद्याच्या दृष्टीने पाल्यच राहिले! २००० चा बालन्याय कायदा आणि त्यातील २००६ ची दुरुस्ती यांनी हे दार सर्वधर्मीयांना उघडले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले.

संत जोसेफ हा पालकपिता होता. बाळ येशूला घेऊन त्याला रातोरात इजिप्तच्या वाटेला लागावे लागले. त्याच्या वाटखर्चाचा हिशेब शुभवर्तमानात नाही. त्याची जबाबदारी मात्र आहे. आपल्या समाजातील जी दांपत्ये आज हा मार्ग स्वीकारतील, त्यांनी प्रत्येक रुपयाची पावती मागावी, प्रत्येक कागद पूर्ण करावा आणि शक्य असेल तर बाळाला आणायला स्वतः जावे. उद्या ते मूल मोठे होऊन आपल्या येण्याची कथा विचारील, तेव्हा तो जमाखर्च त्याच्यापुढे निःसंकोचपणे ठेवता आला पाहिजे.