नळी कुणी वळली?

दर १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. मी भिवंडीहून जातो. आधी एस्टीने जायचो, आता पोरं टेम्पो करतात. खांबापाशी पोचलं की पोरं आधी नावं शोधतात. ज्यांच्या शेवटी 'नाक' आहे ती नावं. कंपनीच्या ४९ शिपायांत अशी २२ नावं आहेत. पोरं बोट लावून वाचतात, फोटो काढतात. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला इथे येऊन गेले हे एकमेकांना सांगतात. चांगलं आहे. मी काही नावं ठेवत नाही.

गेल्या खेपेला परतताना मी टेम्पोत एक साधा सवाल टाकला. १८१८ साली त्या शिपायांच्या हातात काय होतं? एक पोरगं म्हणालं, बंदूक. कसली? ठासणीची. बरं, ती केली कुणी? टेम्पोत सगळे गप. इंजिनाचाच काय तो आवाज.

खरं सांगायचं तर मलाही नीट ठाऊक नव्हतं. आणि मी तर लोखंडातला माणूस. भिवंडीत लोक सूत मोजतात, मी लुमांचं तुटलेलं जोडलं. नदी नाक्याकडे एका वर्कशॉपात पंचवीस वर्षं वेल्डिंग केलं. तुटलेला दांडा, चिरलेली फ्रेम. रॉड टेकवला, ठिणगी पडली, जोड झाला. सगळं विजेचं काम. वीज नव्हती तेव्हा लोखंडाला लोखंड कसं जोडायचे, हे मला वेल्डर असून सांगता आलं नसतं. म्हणून शोधायला लागलो. वाचलं ते आणि डोळ्यांनी पाहिलं ते, दोन्ही सांगतो.

कंपनीच्या पलटणींची बंदूक म्हंजे 'इंडिया पॅटर्न'. गोरे लाडाने तिला ब्राऊन बेस म्हणायचे. नळी ३९ इंच लांब, भोक पाऊण इंचाचं. तोंडाकडून दारू ओतायची, वरून गोळी सोडायची, गजाने ठासायची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटायची, रंजक पेटायची, आतली दारू उडायची. आज आपल्याला वाटतं, नळी काय, लेथवर गज धरला आणि भोक मारलं. पण ३९ इंच भरीव लोखंडात सरळ भोक पाडत बसणं तेव्हा परवडणारं नव्हतं. म्हणून लोखंडाची पट्टी घ्यायची, पन्हाळीसारखी वळवायची, कडेवर कड चढवायची आणि तापवून, ठोकून दोन्ही कडा एकजीव करायच्या. म्हंजे नळीच्या अंगावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सांधा. तो वरून दिसत नाही. कच्चा राहिला तर मात्र नळी फुटते, आणि फुटते ती झाडणाऱ्याच्या तोंडाजवळ. कोरेगावात दिवसभर झाडताना आपल्या शिपायांचा भरवसा या न दिसणाऱ्या सांध्यावर होता.

त्या नळ्या इंग्लंडात व्हायच्या, बर्मिंगहॅम आणि त्याच्या आसपासच्या गावांत. तिथलेही कारागीर काही साहेबलोक नव्हते. भट्टीपाशी भाजून निघणारे मजूर होते ते. शिकारीच्या उंची बंदुकांसाठी तर ते घोड्याच्या नालांचे झिजलेले खिळे गोळा करायचे. रस्त्यावर ठोकर खाऊन खाऊन ते लोखंड चिवट झालेलं, म्हणून. असे हजारो खिळे एकत्र तापवून, ठोकून त्याची पट्टी काढायची, ती गजाभोवती वेलीसारखी गुंडाळायची आणि सांधायची. १८१३ साली, म्हंजे कोरेगावच्या पाच वर्षं आधी, पार्लमेंटने कायदा केला आणि बर्मिंगहॅमला नळ्यांची परीक्षा घेणारं घर उभं राहिलं. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी झाडून बघायची. टिकली तर शिक्का.

आता कुणी म्हणेल, बघा, ही विद्या गोऱ्यांची. अजिबात नाय. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या कारखान्यात नळी कशी करत ते लिहून ठेवलंय, सोळाव्या शतकात. आधी पट्टीच्या कडा नुसत्या एकमेकींना भिडवायचे, नळ्या फुटायच्या, माणसं मरायची. मग पट्टी तिरकी गुंडाळून घडीवर घड चढवायला लागले आणि हळूहळू ताव देऊन सांधायला लागले. आतून नळी साफ करायला बैलाने फिरणारं चाक होतं, एकदम सोळा नळ्या. ह्या सगळ्यात मला एकच गोष्ट टोचली. तिथे तयार बंदुकीवर कोरायचे: लोखंडाचं वजन, ते कुठून आणलं, बंदूक कुठे झाली, तारीख, नंबर. आणि कारागिराचं नाव. उस्ताद कबीर आणि हुसेन ही दोन नावं तर अबुल फजल मुद्दाम सांगतो. बादशहाच्या पुस्तकात लोहाराचं नाव.

आपल्याकडे? आपल्या भिवंडीचंच घ्या. १६५७ ला शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, इथे जहाजं बांधायला सुरुवात केली. हे शाळेत शिकवतात. जहाजाला खिळे लागतात, नांगर लागतो. ते कुणी ठोकले, त्यातल्या एकाचं तरी नाव मास्तरांनी सांगितलं का? गावातल्या शस्त्राचंही तेच. तलवार पाटलाची. बंदूक देशमुखाची. दसऱ्याला पूजा त्याच्या घरी. केली कुणी हे विचारायचं नाही, कारण उत्तर गावकुसाकडे जातं.

नुसत्या भट्टीकडे बघा की. भट्टीला वारा लागतो, वाऱ्याला भाता. भाता कातड्याचा. मेलेलं ढोर ओढून नेलं आपल्या बापजाद्यांनी, महारांनी. कातडं कमावलं ढोराने, शिवलं चांभाराने. कोळसा पाडला आमच्या ठाणे-कुलाब्याच्या रानात कातकऱ्याने. मग तो भाता फुंकून लोहाराने, घिसाड्याने लोखंड वळवलं. आणि गंमत बघा. लोहार बलुतेदार, तो स्वतःला आपल्या वरचा समजणार. भात्याला आपण ओढलेल्या ढोराचं कातडं चालायचं, आपला हात चालायचा नाही. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती एका भट्टीच्या चार हातांच्या जागेत पुरी दिसते. एक वस्तू करायला पाच जाती लागतात आणि पाचही जाती एका पंगतीला बसत नाहीत.

हे झालं वाचलेलं आणि विचार केलेलं. हाताला कळलं ते वाडा रोडला.

पावसाच्या तोंडावर तिथे घिसाड्यांची तीन पालं पडली होती. विळे, कोयते पाजवत होते. म्हातारा सांडशी धरून बसलेला, समोर त्याची सून पदर खोचून घण मारतेय. घिसाड्यात घण बाई मारते हे तुम्ही पाहिलं असेल. न पाहिलं असेल तर पाहा, आणि मग बाईच्या ताकदीवर भाषण करा. भाता आता राहिला नव्हता, हाताने फिरवायचा लोखंडी पंखा होता. मी लुमचा पट्टीचा तुकडा घेऊन गेलो होतो. म्हटलं, "बाबा, वेल्डिंग न लावता याची नळी होईल का?"

म्हाताऱ्याने वर बघितलं. "कशापायी?"

"बघायचं हाय."

"बंदुकीचं काम असंल तर उठ हितनं. पोलिस आधी आमालाच नेत्यात."

मी म्हटलं, "नाय बाबा. चार बोटांची. दोन्हीकडनं उघडी." मग कुठे तो बसला. चहा आणि शंभर रुपये ठरले. पंखा फिरवायचं काम माझ्याकडे.

आधी त्याने पट्टीच्या दोन्ही कडा ठोकून पातळ केल्या, म्हणजे एकीवर एक चढली तरी जाडी वाढायला नको. मग ऐरणीच्या खाचेत वळवली. पुन्हा भट्टीत. लाल झाली. मला वाटलं, झालं. म्हातारा हसला. लाल लोखंड वाकतं, सांधत नाही. पिवळं झालं, तरी थांब म्हणाला. मग बारीक वाळूची चिमूट टाकली. ही वाळू वितळून कडांवर काचेसारखी पसरते, जळलेल्या लोखंडाची खपली तिच्यात विरते, आणि ठोका बसला की ती घाण बाहेर उडते. नाहीतर ती सांध्यात अडकून बसते. आम्ही वर्कशॉपात रॉडवरच्या मसाल्याकडून जे काम करून घेतो तेच हे. पट्टी पांढरी व्हायला लागली, निखाऱ्यांतून फुलबाजीसारख्या ठिणग्या निघाल्या. म्हातारा म्हणाला, "आता घाम फुटला." खरंच लोखंड ओलं दिसत होतं.

नेमका तेव्हाच माझा हात भरून आला. पंखा जरा सैल पडला असेल, चार फेरे. म्हाताऱ्याने नळी काढली, सुनेने घण घातला, आवाजच वेगळा आला, भद्द. सांधा तोंड उघडून बसला. सुनेने माझ्याकडे बघितलं. "दादा, तुमी पंखा मारता का वारा घेता?" पालातली पोरं खिदळली. पंचवीस वर्षांचा वेल्डर मी, खाली मान घातली.

दुसऱ्या खेपेला दात खाऊन फिरवला. म्हाताऱ्याने आत सळई घातली, नळी चेपू नये म्हणून. पहिले ठोके हलके आणि भराभर, त्याच्या हातोडीचे. मग हातोडीने जागा दाखवायची आणि त्या जागी घण पडायचा. एकही शब्द नाही दोघांत. पाच-सहा श्वासांत लोखंड पुन्हा लाल. सळई लगेच खेचून काढली, उशीर झाला तर तीही आत सांधते. बघितलं तर दोन बोटं सांधा बसला होता, नख फिरवून लागत नव्हता. उरलेली दोन बोटं उघडी. म्हातारा म्हणाला, एका तावात एवढंच. आता ३९ इंचांचा हिशोब करा. पंचवीस-तीस ताव, आणि प्रत्येक ताव पक्का. मग आतून बरमा फिरवायचा, कानस मारायची, मागचं तोंड पेचाने बंद करायचं. ते वेगळं.

म्हातारा पोलिसांना का भ्याला, ह्याचाही इतिहास आहे. १८५७ ला इंग्रजांची पाचावर धारण बसली. त्यानंतर गावोगाव हत्यारं काढून घेतली, आणि १८७८ ला लिटनने हत्यारांचा कायदा केला. हिंदी माणसाला लायसन, गोऱ्याला माफी. लायसन कुणाला मिळालं हे सांगायला नको. ज्याच्या वाड्यात आधीपासून तलवारी होत्या त्याला. नळी वळणारा एका रात्रीत गुन्हेगार. पुढे भरीव पोलादात यंत्राने भोक पाडायला लागले, आणि सांध्याची नळी इंग्लंडातही मागे पडली. आजही १९५९ च्या कायद्याने विनापरवाना बंदूक करणं गुन्हाच आहे. तेव्हा पोरांनो, हे वाचून कुणी भट्टी लावायला बसू नका. लिहिलंय ते इतिहास म्हणून.

कायद्याने कारागिराचा हात बांधला आणि सरकारने शिपायाचा. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली. तुम्ही लढाऊ जात नाही म्हणे! कोरेगावचा खांब स्वतःच उभा केलेला, आणि पंचाहत्तर वर्षं होत नाहीत तोवर विसरले. गोपाळबाबा वलंगकरांनी, जे स्वतः पलटणीतले पेन्शनर, १८९४ ला त्याविरुद्ध अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं.

१९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेब विचारतात की या देशात सामाजिक क्रांती का झाली नाही. त्यांचं उत्तर, चातुर्वर्ण्याने खालच्यांच्या हाती शस्त्र ठेवलंच नाही. नांगर धरणाऱ्याला फाळाची तलवार करू दिली नाही. मी हे कितीदा वाचलं असेन. पण वाडा रोडच्या भट्टीवरून उठल्यावर ते मला निराळं दिसलं. फाळ ठोकणारा आणि तलवार ठोकणारा हात एकच होता. शस्त्र करता येत नव्हतं असं नाही. करता येत होतं, ठेवता येत नव्हतं. विद्या खाली होती आणि हक्क वर. ज्या पाच जातींनी मिळून भट्टी पेटती ठेवली त्यांना एकमेकांचं तोंड बघू दिलं नाही, म्हणून वरच्यांना फार पहारा ठेवावाच लागला नाही. आजही आपण कोरेगावला जातो तेव्हा घिसाडी आपल्या टेम्पोत नसतो. भटक्यांच्या यादीत त्याचं नाव आहे, आपल्या सभेच्या यादीत नाही. हे आपल्याकडून राहिलं, असं मला वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर पुढच्या अंकात लिहा, भांडू.

निघताना मी म्हाताऱ्याला म्हटलं, बाबा, नळीवर तुमचं नाव घाला. तो म्हणाला, लिवता येत न्हाई. सुनेने छिन्नी उचलली आणि नळीच्या अंगावर तीन आडव्या रेघा मारल्या. म्हणाली, आमच्या कोयत्यावर ह्येच असतंय.

नळी माझ्या खिडकीत आहे. अर्धी बंद, अर्धी उघडी. येत्या १ जानेवारीला टेम्पोत घेऊन येतो.