अर्ध्या दिवसाचं पुणं आणि माझा मोडलेला सिनॉप्सिस



"पेट झाली, आता विषय कसा ठरवू?" असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज त्याचं सरळ उत्तर देत नाही. माझी एक चूक सांगते, त्यातून तुम्हाला जास्त उपयोग होईल.

माझं संशोधन पुण्याच्या नागरी इतिहासावर आहे. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी प्रकरणं अगदी सोपी पाडली होती. पहिला भाग 'जुनं पुणं', म्हणजे पेठा. दुसरा भाग 'आधुनिक पुणं', म्हणजे कॅम्प, स्टेशन, शिवाजीनगर. दोन्हींच्या मध्ये १८१८ ची रेघ: पेशवाई संपली, इंग्रज आले, आधुनिक शहर सुरू झालं. वाचायला छान वाटत होतं. माझ्या सरांनी ते वाचलं आणि एवढंच म्हणाले, "एकदा सकाळच्या टूरबरोबर फिरून ये. फक्त वही घेऊन जा."

म्हणून मी एका अर्ध्या दिवसाच्या सहलीत नाव नोंदवलं. आधी चालत जुनं पुणं, मग नाश्ता, मग बसने नवं पुणं. आमच्या वाटाड्याने गोष्टी रंगवून सांगितल्या, त्याबद्दल तक्रार नाही. मी एकच काम केलं. प्रत्येक ठिकाणी समोर जे उभं आहे ते कधीचं, हे वहीत लिहीत गेले. काही सालं तिथे कळली, काही घरी येऊन तपासली.

जुन्या भागात

सुरुवात लाल महालापासून. शहाजीराजांनी जिजाबाई आणि बाल शिवाजींसाठी बांधलेला वाडा, १६६३ मध्ये शाइस्तेखानावर छापा पडला ती जागा. पण आज आपण ज्या इमारतीसमोर फोटो काढतो ती महानगरपालिकेने बांधली आणि १९८८ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे 'जुन्या' भागातला आमचा पहिलाच थांबा त्या दिवशीच्या सगळ्या इमारतींत वयाने सर्वांत लहान!

मग शनिवारवाडा. पायाभरणी १७३०, वास्तुशांत १७३२. आतला वाडा मात्र १८२८ च्या आगीत जळाला. आज दिसतात ते तट, दरवाजे आणि जोती.

मंडईत आलो. सगळे तिला जुन्या पुण्याचं हृदय म्हणतात. इमारत १८८६ ची, तेव्हाचं नाव गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून 'रे मार्केट'. त्याआधी भाजीबाजार भरायचा तो शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात. आणि गंमत पुढे आहे. महात्मा फुले नगरपालिकेचे सदस्य होते, तेव्हा मंडईवरच्या खर्चाला त्यांचा विरोध होता. हा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. पाटीवरचं नाव वाचून कुणी फुल्यांना मंडईचे पाठीराखे समजलं, तर तो इतिहास साफ उलटा होईल.

शेवटी विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा, म्हणून 'पेशवाई' या खणात टाकायला सोपा. पण १८२१ मध्ये कंपनी सरकारने इथेच संस्कृत पाठशाळा काढली, आणि तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभं राहिलं. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, तो नंतर पुन्हा उभारला. मग हा वाडा माझ्या कोणत्या प्रकरणात जाणार? जुन्या की आधुनिक?

नव्या भागात

नाश्ता करून बस कॅम्पात आली. "आता आधुनिक पुणं," वाटाड्याने जाहीर केलं. सेंट मेरीज चर्चची वास्तू १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते चर्च म्हणून समर्पित झाली. मी वहीचं मागचं पान उलटून पाहिलं. शनिवारवाडा जळाला १८२८ मध्ये. म्हणजे पेशव्यांचा वाडा शाबूत होता तेव्हाच हे चर्च इथे उभं होतं. काही काळ का होईना, 'जुनं' आणि 'आधुनिक' एकाच शहरात एकाच वेळी नांदत होतं. डेव्हिड ससून यांनी बांधलेलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, १८६७ मध्ये पूर्ण झालं. तेही मंडईपेक्षा जुनं.

तिथून जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर. हा भाग म्हणजे पूर्वीचं भांबुर्डे गाव, आजचं शिवाजीनगर. सहलीच्या पत्रकात 'आधुनिक'. आणि लेणं साधारण आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं. सकाळपासून जे जे पाहिलं त्यात सर्वांत प्राचीन वास्तू आधुनिक पुण्यात निघाली.

माझी १८१८ ची रेघ इथे पुसली गेली.

तीन वयं

घरी आल्यावर मी एक तक्ता केला. तो आजही वापरते, तुम्हीही वापरा. कुठल्याही जागेला तीन वयं असतात. जागेचं वय: इथे पहिल्यांदा काय घडलं? बांधकामाचं वय: समोर जे उभं आहे ते कधीचं? आणि नावाचं वय: आजचं नाव कधी, कुणी दिलं? लाल महालाची जागा सतराव्या शतकातली, बांधकाम विसाव्या. मंडईचं बांधकाम १८८६ चं, नाव नंतरचं. टूरमध्ये ही तीन वयं एकत्र कालवली जातात, आणि ते ठीक आहे, कारण तिथे गोष्ट सांगायची असते. प्रबंधात ती वेगळी करावीच लागतात. 'जुनं' ही तारीख नव्हे, तो कुणीतरी केलेला दावा आहे. तो कुणी केला आणि कशासाठी, हा संशोधनाचा प्रश्न.

पण खरी चूक मला तक्त्यातून कळली नाही.

पाताळेश्वराहून आम्ही चालत शनिवारवाड्याकडे परतत होतो. वाटेत नदीवरचा शिवाजी पूल लागतो, पुणेकरांचा 'नवा पूल'. बांधला १९२३ मध्ये. शंभरी उलटली तरी नवाच! आमच्याबरोबर एक आजी होत्या. पुलावर थांबून त्यांनी ओंकारेश्वराच्या बाजूला बोट दाखवलं. "बाळ, आमची खोली तिथं होती, शनिवारात. पानशेत फुटलं आणि गेली. मग आम्हाला गोखलेनगर मिळालं."

१२ जुलै १९६१. पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटली, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, कितीतरी घरं पडली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती झाल्या. हे मला पाठ होतं. पण त्याचा अर्थ माझ्या सिनॉप्सिसपर्यंत पोचला नव्हता. जुन्या पुण्याच्या आठवणी गोळा करायला मी सहा महिने पेठांमध्येच दारं वाजवत होते. ज्यांची दारंच वाहून गेली ती माणसं नव्या पुण्यात राहत होती, आणि माझ्या विभागणीत त्यांना जागाच नव्हती. त्या पिढीतली माणसं आता थोडीच उरली आहेत. कागद अभिलेखागारात वाट पाहत थांबतात, माणसं थांबत नाहीत.

त्या आठवड्यात मी आजींकडे गेले, रीतसर परवानगी घेऊन पहिली मुलाखत ध्वनिमुद्रित केली. मग सिनॉप्सिस पुन्हा लिहिला. आता त्यात दोन शहरं नाहीत. एकच शहर आहे आणि दोन प्रश्न: जुन्या-नव्याची रेघ कुणी कुठे ओढली, आणि ती कुणाला ओलांडावी लागली? सर म्हणाले, "हां, आता बोलू."

तुमचं गाव पुणं नसेल तरी चालेल. 'नवी पेठ', 'जुना बाजार', 'नवीन वस्ती' असं काहीतरी प्रत्येक गावात असतं. एक सकाळ काढा आणि निदान पाच ठिकाणांची तीन वयं लिहा. मग त्या जागेवर पूर्वी राहणारी माणसं आज कुठे राहतात, हे शोधा. विषय बहुतेक तिथेच सापडेल.