मिरी, मिरसांग, मिरची : हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावरील तिखटाचा इतिहास

सुकी किंवा धुरावलेली मिरची हाताशी नसेल तर तिच्या जागी काय वापरावे, हा प्रश्न सामान्यतः पाकशास्त्राचा मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने तो उलट्या दिशेनेही विचारला पाहिजे. मिरची स्वतः कोणाच्या जागी आली? या प्रश्नाचे उत्तर दप्तरांपेक्षा शब्दांत अधिक स्पष्ट सापडते, आणि ते शोधण्यास कोकणपट्टीतील हरिहरेश्वर हे सोयीचे ठिकाण आहे.

हरिहरेश्वर श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाशी वसले आहे. समोरच्या तीरावर बाणकोट. येथील दैवत पेशव्यांच्या भट घराण्याचे कुलदैवत होय. हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात मोडत असे; पुढे तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. घाटावरचा माल महाडच्या पेठेत उतरावा आणि तेथून सावित्रीच्या पात्राने खाडीच्या मुखाकडे यावा, असा येथील जुना व्यापारमार्ग होता. या भागात नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत, आणि सुपारीच्या खोडावर मिरीची वेल चढवण्याची पद्धत कोकणात परिचित आहे. म्हणजे जुने तिखट दारच्या वाडीत, तर नवे तिखट घाटापलीकडे, अशी येथील स्थिती दिसते.

मिरचीपूर्व काळातील तिखटपणाचे साहित्य कोणते, याविषयी संदेह नाही. सुंठ, मिरी व पिंपळी यांना आयुर्वेदात ‘त्रिकटु’ अशी संज्ञा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त (सु. ११३०) अन्नभोगाचे सविस्तर वर्णन आहे, त्यात मरिच, आले, हिंग आहेत, मिरची नाही. ती असणे शक्यही नव्हते. मिरचीचे मूळ अमेरिका खंडात आहे, आणि कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतरच ती त्या खंडाबाहेर पडली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले, १५२१ मध्ये चौल येथे ठाणे दिले. या दोहोंमधील सागरी वाट हरिहरेश्वरच्या समोरूनच जात होती.

नव्या फळाला नाव देताना निरनिराळ्या भाषांनी जवळजवळ एकच युक्ती योजली. तमिळमध्ये मिरी ‘मिळगु’ आणि मिरची ‘मिळगाय’, म्हणजे मिरीचे फळ. कन्नडमध्ये ‘मेणसु’वरून ‘मेणसिनकायि’. कोकणीतील ‘मिरसांग’ हा शब्दही याच जातीचा होय. त्यातील ‘सांग’ म्हणजे शेंग. मिरसांग म्हणजे मिरीसारखी तिखट शेंग. बंगालीने मात्र ‘लंका’ म्हणून वेगळी वाट धरली. हिंदीत नव्या वस्तूने ‘मिर्च’ हे नाव इतके व्यापले की जुन्या वस्तूला ‘काली मिर्च’ असे विशेषण लावून ओळखावे लागले. मराठीत तसे घडले नाही. येथे मिरी आपल्या नावानिशी टिकली आणि मिरचीला स्वतंत्र रूप मिळाले.

हे रूप ध्वनिदृष्ट्या विचार करण्याजोगे आहे. संस्कृत ‘मरिच’, प्राकृत ‘मिरिअ’, मराठी ‘मिरी’ ही परंपरा सरळ आहे. दोन स्वरांमधला ‘च’ प्राकृतातच लोपला. ‘मिरची’त तोच ‘च’ कायम आहे. तेव्हा हा शब्द प्राकृतातून झिजत आलेला नसून ‘मिर्च’ या रूपाच्या संपर्काने नंतर आलेला आहे, असे मानणे सयुक्तिक ठरते. एकाच मूळ शब्दाची ही दोन अपत्ये दोन निरनिराळ्या काळांची साक्ष देतात. नावावरून मूळस्थान ठरवण्यात धोका किती, हेही येथे दिसते. जर्मन वनस्पतिज्ञ लेओनहार्ट फुक्स याने १५४३ मध्ये मिरचीला ‘कालिकतची मिरी’ म्हटले आणि तिचे मूळ हिंदुस्थानात मानले.

पुढचा टप्पा अधिक बोलका आहे. ‘तिखट’ हे ‘तीक्ष्ण’शी संबद्ध असे गुणवाचक पद, आज ‘दोन चमचे तिखट’ म्हटले की मिरचीची पूडच समजली जाते. गुणाचे नाव वस्तूला मिळाले, आणि मिरी व पिंपळी तिखट असूनही ‘तिखट’ राहिल्या नाहीत.

आता वाळवणाकडे वळावे. कोकणात मिरची पिकत नाही असे नव्हे. परंतु वर्षभराच्या सुक्या मिरचीसाठी किनारा घाटमाथ्यापलीकडे पाहतो. ब्याडगी रंगासाठी, लवंगी जाळासाठी, संकेश्वरी मसाल्यासाठी. आगोटीपूर्वी मिरच्या कडक उन्हात वाळवून, कुटून, हिंगाचे खडे घालून बरणीत भरणे हा बेगमीचा भाग. हिरवी मिरची टिकवायची तर तिला चीर देऊन, मीठ-मेथी-हिंग भरून, ताकात मुरवून वाळवावयाची. हीच सांडगी मिरची.

धूर देऊन मिरची वाळवण्याची रीत मात्र येथे रुजली नाही. मेक्सिकोतील ‘चिपोत्ले’ या नावातच ‘मिरची’ आणि ‘धूर’ हे दोन नाउआत्ल शब्द आहेत. स्पेनमधील ला वेरा खोऱ्यात मिरचीचा हंगाम पावसाळी शरदात येतो, म्हणून ती ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. दख्खनमध्ये पीक कोरड्या हिवाळ्यात हाती येते. ऊन पुरते, धुराची गरज पडत नाही. पाऊस हरिहरेश्वरला प्रचंड, पण तेथे पोहोचणारी मिरची आधीच वाळलेली. त्यामुळे मराठीत मिरचीच्या धुराला शब्द आहेत, पण ते चवीचे नाहीत. ‘धुरी’ शिक्षेची किंवा भूत उतरवण्याची, ‘खकाणा’ घशाला झोंबणारा, दृष्ट काढताना मिरच्या विस्तवात टाकावयाच्या. पदार्थाला धुराचा वास द्यावयाचा तेव्हा निखाऱ्यावर तूप सोडून ‘धुंगार’ देतात; त्यात मिरचीचा संबंध नाही.

यावरून पर्यायाचा प्रश्नही नेमका मांडता येतो. धुरावलेल्या मिरचीत रंग, जाळ आणि धूर हे तीन गुण एकवटलेले असतात. किनाऱ्यावरील पाकपरंपरेने ते तीन ठिकाणी ठेवले : ब्याडगीत, लवंगीत आणि धुंगारात. मिरी जाळ देईल, रंग देणार नाही. बांगड्याच्या कालवणातील तिरफळ जिभेला झिणझिण्या आणील, पण मिरचीचा जाळ त्यात नाही. एका वस्तूला एक पर्याय असतोच असे नाही.

मिरचीवाचून कोकणी कालवणाची कल्पना आज करवत नाही. परंतु ही परंपरा पाच शतकांहून जुनी नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात अद्याप मिरची वर्ज्य असून मिरी चालते. धर्मविधीने जे तेथे जपले, ते मराठीत शब्दाने जपले आहे. उपरी वस्तू स्वयंपाकघराची स्वामिनी झाली, तरी तिच्या नावात जुन्या धनिणीचे नाव शिल्लक राहिले.