हाली, कलदार आणि हुंडी

परदेशी गेलेला प्रवासी आज क्रेडिट कार्ड पुढे करतो, तेथील चलनात झालेल्या खर्चाचे रुपये बनून त्यावर बँकेचा आकार चढतो, आणि महिनाअखेर तो सारा हिशेब घरपोच येतो. ही सोय नवी असली तरी तिच्या मुळाशी असलेली निकड नांदेड जिल्ह्यातील उमरीला फार पूर्वीपासून परिचित होती. निजामाच्या अमलाखालील या गावच्या माणसाला परमुलूख गाठण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नसे. उत्तरेस पैनगंगा उतरून वऱ्हाडातील उमरखेडास पोहोचले की अंमल इंग्रजांचा, आणि बाजारात चालणारा रुपयाही इंग्रजांचाच.

निजामी रुपया तो हाली आणि इंग्रजी रुपया तो कलदार. कलदाराचे वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात शेकडा सुमारे ९२ भाग चांदी. चारमिनारची मुद्रा असलेला हाली ११.१८ ग्रॅमच्या आसपास, आणि त्यात चांदी सुमारे ८२ भाग. शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, अर्थात सहास सात, असा जो सरकारी भाव ठरलेला होता, तो या दोन नाण्यांतील चांदीच्या मोलाशी किती तंतोतंत जुळतो, हे कोणासही ताडून पाहता येईल. १९१८ च्या कायद्याने हैदराबाद संस्थानच्या कागदी नोटा निघाल्या तरी हे प्रमाण ढळले नाही. सामान्य माणसाचा संबंध मात्र सराफाच्या बट्ट्याशी येई. आषाढीस पंढरपूरला निघालेला वारकरीदेखील सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात, जात असल्यामुळे त्यालाही कनवटीचा हाली मोडून कलदार घ्यावा लागे, आणि सराफ तो दगडावर वाजवून, खणखणीत आहे अशी खात्री करून मगच आपला बट्टा कापून घेई.

व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी होती. कापसाच्या प्रदेशातील, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील उमरीसारख्या पेठेचा व्यवहार थैल्या वाहून पुरा होण्याजोगा नव्हता. तेथे हुंडीच हवी. दाखविताच पैसे मिळणारी ती दर्शनी, आणि ठरल्या दिवसांनी पटणारी ती मुदती. आजच्या कार्डाचे खरे नाते या दुसरीशी आहे, कारण दोहोंतही आज घेतलेल्या मालाची फेड उद्यावर टाकलेली असते. हुंडीच्या लेखनात एक सावधगिरी मला सदैव आदरणीय वाटत आली आहे: रक्कम हजाराची असेल तर आकडा लिहून पुढे ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट’ असे अक्षरांत नोंदवीत, म्हणजे एखादे शून्य वाढवून कपट करणाऱ्याचा हात तेथेच अडे. हुंडी गहाळ झाली तर पैठ, तीही हरवली तर परपैठ लिहून मिळे. पैसे चुकते झाल्यावर उरलेल्या कागदाला खोखा म्हणत. हा सारा डोलारा परक्या गावातील आडत्याच्या शब्दावर उभा असे. तो शब्द नाकारला गेला, तर पेढीची अब्रू कायमची गेली.

१९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि पुढे तिची शाखा उमरीतही आली. १९४७ च्या अखेरीस भारताशी जैसे थे करार होतो न होतो तोच निजाम सरकारने वटहुकूम काढून हिंदी चलन राज्यात अग्राह्य ठरविले, आणि सहास सात भावाने पिढ्यानपिढ्या चाललेला व्यवहार राजकीय वैराचे साधन झाला. माझ्या मते सीमेवरच्या रयतेवर याहून मोठा आर्थिक अन्याय झाला नाही. पुढे ३० जानेवारी १९४८ रोजी उमरखेडच्या छावणीतील स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली आणि लक्षावधी रुपये मुक्तिसंग्रामाच्या कार्यासाठी सीमेपार नेले. गांधीजींची हत्या झाली तो हाच दिवस.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, हाली रुपया १९५९ मध्ये चलनातून कायमचा गेला, आणि ती बँकही १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत समाविष्ट झाली. परंतु जुन्या पेढ्यांच्या वह्या, मोडीतील खाती आणि फाटके खोखे ज्या घरांच्या माळ्यांवर असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. मोडी जाणणाऱ्याकडून वाचवून घ्यावेत आणि एखाद्या संशोधन संस्थेच्या स्वाधीन करावेत, एवढीच या भागातील कुटुंबांना विनंती आहे.