कुंपणावरची घाणेरी

बंगल्याभोवती कोणते फुलझाड लावावे, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. घाणेरीच्या बाबतीत तो तसा राहिला नाही. ही मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेची. सतराव्या शतकात ती हॉलंडमध्ये पोहोचली आणि युरोपातील काचगृहांत संकर होऊन तिचे नानारंगी गुच्छांचे प्रकार निपजले. १८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात आली व पुढे साहेबांच्या बंगल्यांचे कुंपण झाली. गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत, पाण्याची ओढ तिला सोसते. कुंपणास याहून अधिक काय हवे? साहेबाने फुले पाहिली. खेडुताने पान चुरगळून पाहिले आणि नाव ठेवले.

तेच गुण रानात अवगुण ठरले. बुलबुलांनी तिची काळी फळे खाऊन बिया दूरवर पसरविल्या. तिच्या दाट जाळीखाली गवत उरेना, म्हणजे हरणांचा चाराच गेला. १९२१ मध्ये तिच्या नाशासाठी हवाई बेटांतून एक माशी आणविण्यात आली. घाणेरी हटली नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिने व्यापलेले भारतीय वनक्षेत्र दीड लाख चौरस किलोमीटरांहून अधिक भरले. कर्नाटकातील सोलिगा कारागीर आता तिच्याच फांद्या उकळून, सोलून खुर्च्या बनवितात.