साताऱ्यातलं बिनआईचं घर

नाशकात आपली सभा असली की वक्ता काळारामापासून सुरुवात करतो. २ मार्च १९३०. मग येवला, १३ ऑक्टोबर १९३५. फार मागं गेलाच तर मसूरची बैलगाडी सांगतो, पोरं पाण्यावाचून तळमळली ते सांगतो, टाळ्या घेतो. पण मित्रांनो, एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. ती पोरं एकटीच कशी निघाली? घरचं मोठं माणूस कुठं होतं?

रामजी सुभेदार लष्करी शाळेत हेडमास्तर होते. पेन्शनीत निघाल्यावर काही काळ दापोलीला राहिले, मग नोकरीसाठी साताऱ्याला आले. तिथं १८९६ साली भीमाबाई वारल्या. भिवा तेव्हा पाच वर्षांचा. घरात रामजींची बहीण मीराबाई. ठेंगणी, पायानं अधू. कधी कधी तिलाच उचलून न्यावं लागे. माया उदंड, पण तिच्याच्यानं घर रेटणार कसं?

रामजींनी पुढं दुसरं लग्न केलं. जिजाबाई. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर बघून भिवा बिथरला. मुंबईच्या गिरणीत कामाला पळायचं ठरवून त्यानं आत्याच्या कमरेची पिशवी लांबवली. आत निघाला अर्धा आणा. ही गोष्ट सांगायला आपले लोक लाजतात. का लाजायचं?

मग दुष्काळ पडला. सरकारनं खटाव तालुक्यात गोरेगावला तलाव खोदायचं काम काढलं. रामजी तिथं कॅशियर. तिजोरी सोडून येता येईना. साताऱ्यात भिवा, त्याचा मोठा भाऊ, मेलेल्या बहिणीची दोन पोरं आणि आत्या. भरवसा काय तो शेजाऱ्यांचा. पोरं शाळेतही जात आणि रांधतही. भाकरी जमेना म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करत. हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. १९९० साली ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावानं ते छापून आलं. आपण त्यातला अपमान तेवढा वाचतो, पुलाव वाचत नाही.

बायको कुणाचीही मरते. पण त्या काळी ब्राह्मण कारकुनाची मेली तर पैसे टाकून स्वयंपाकीण मिळे, पोराला वार लावून जेवता येई, न्हावी दारात येई, धोबी कपडे नेई. रामजींकडं पगार होता, पेन्शन होती. पण साताऱ्यातला न्हावी अस्पृश्याच्या डोक्याला हात लावत नव्हता, धोबी कपड्याला शिवत नव्हता. थोरल्या बहिणीनं भावांचे केस कापता कापता हात बसवला. धुणंही बहिणींकडंच. त्या सासरी गेल्या आणि ती जागा पैशानंही भरेना. मरण सगळ्यांना सारखं असेल, पण मरणानंतरचं घर सारखं नव्हतं.

१९०१ च्या उन्हाळ्यात बापानं पोरांना सुट्टीला बोलावलं. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं घालून पोरं आगगाडीत बसली. आपण येतोय हे पत्रानं कळवलं होतं, पण शिपाई ते साहेबाला द्यायचं विसरला. मसूर स्टेशनावर कुणी आलं नाही. पुढचं तुम्हाला पाठ आहे: दुप्पट भाडं, गाडी स्वतः हाकायची, जवळ जेवण असून पाण्यावाचून उपाशी. बापाच्या बाजूनं मात्र ही रात्र कुणी सांगत नाही. गोरेगावात त्या माणसाला ठाऊकच नव्हतं की आपली पोरं वाटेवर आहेत.

१९०४ च्या सुमाराला कुटुंब मुंबईला आलं. परळच्या डबक चाळीत एक खोली. भिवाला लवकर झोपवायचं, आपण रात्री दोनपर्यंत जागायचं आणि मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचं, हा रामजींचा नेम. पोराला पुस्तकाचं वेड. पैसे नसले की सुभेदार लग्न झालेल्या मुलींच्या दारात जात. एकीकडं उसने मिळाले नाहीत तर दुसरीकडं. तिच्याकडंही नसले तर तिचा लग्नातला दागिना घेऊन सावकाराकडं गहाण टाकत, पोराच्या हाती पुस्तक देत, आणि पेन्शन आली की दागिना सोडवून पोरीला परत नेऊन देत.